गळक्या माठांचा आवा

दिवाळी अंकाच्या ताई फोनवर म्हणाल्या, "मावशी, तुमच्या कलेच्या प्रवासावर लिहा." आता कसला प्रवास, बाई? आमच्या जळोचीच्या घरात चुलीपासून चाकापर्यंत सात पावलं. ती सात पावलं चालायला मला लग्नानंतर चौदा वर्षं लागली. झाला प्रवास. पुढं जन्मभर मी एका जागी बसले आणि चाक फिरलं.

तेव्हा प्रवास राहू दे. मी आपली एका आव्याची गोष्ट सांगते. नव्वदीतला तो आवा, आणि तो सगळाच्या सगळा बिघडला होता. चांगल्या निघालेल्या आव्यांची गोष्ट होत नाही. माठ विकले, घरी आलो, विसरलो.

आवा म्हणजे आमची भट्टी. पण भट्टी म्हटलं की शहरातल्या माणसाला चिमणी दिसते. आमच्या आव्याला चिमणी नाही, दार नाही, भिंत नाही. जमिनीवर गोवऱ्यांचा थर, त्यावर उसाचं पाचट, त्यावर कच्ची मडकी पालथी, पुन्हा गोवऱ्या, पुन्हा मडकी, वरून फुटकी खापरं आणि राखेचा लेप. लांबून बघाल तर उकिरडा. जवळून बघाल तरी उकिरडाच, फक्त धूर येणारा. भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. आव्यात वरून काही घालता येत नाही. दोन दिवस जळतो, एक दिवस निवतो, आणि मग तो देईल ते आपण घ्यायचं.

आणि आव्यानं दिलेलं तपासायचे माझे सासरे. सगळा गाव त्यांना तात्या म्हणायचा, मीही तात्याच म्हणायचे. आवा उघडला की तात्या खाटेवर बसायचे. मी एकेक मडकं त्यांच्या हातात द्यायची. ते बोटानं टिचकी मारायचे. 'टण्ण' वाजलं की उजवीकडं, 'भद्' वाजलं की डावीकडं. उजवीकडचं बाजारात, डावीकडचं फोडायला. चांगलं, वाईट, छान, शाब्बास, असले शब्द तात्यांकडं नव्हते. त्यांच्याकडं उजवं होतं आणि डावं होतं.

आमच्यात एक रिवाज होता. बाईनं चाकाला हात लावायचा नाही. बाईनं माती चाळायची, तुडवायची, मळायची, ओला माठ मांडीवर घेऊन थापटायचा, रंगवायचा, आव्यात लावायचा, डोक्यावर घेऊन बाजारात जायचा, विकायचा. चाक तेवढं फिरवायचं नाही. म्हणजे कुंभारकामात बसून करण्यासारखं एकच काम होतं, ते पुरुषांनी ठेवून घेतलं होतं.

आता आमच्या घरातला पुरुष म्हणजे आमचे हे. ह्यांना मातीची शिंक यायची. खरं सांगते. कोरडी माती चाळायला घेतली की एकामागं एक दहा-बारा शिंका. चाकावर गोळा चढवला, माठाचं तोंड काढायला घेतलं, की शिंक, की माठाचं तोंड वाकडं. सात पिढ्यांच्या कुंभाराच्या पोटी मातीला शिंकणारं पोर निघालं. शेवटी ते साखर कारखान्यात कामाला लागले आणि शिंका थांबल्या. तात्यांचे हात तेव्हा कापायला लागले होते. मग चाक कोण फिरवणार?

मी फिरवायची. तात्या दुपारी झोपले की. चोरून.

चार वर्षं हे चाललं. एक दिवस तात्यांना माशीनं उठवलं. डोळे उघडून बघतात तर सून चाकावर. माझ्या हातात तेव्हा अर्धा माठ वर आलेला. सोडला तर बसणार, धरला तर सापडणार. मी धरून ठेवला.

तात्या म्हणाले, "कवापस्नं?"

"चार वर्षं झाली, तात्या."

"म्हंजी मी उजवीकडं ठेवली त्यी..."

"थोडी तुमची, थोडी माझी."

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी भाकरी मोडता मोडता निकाल सांगितला. इंदापूरला त्यांचा पुतण्या, दत्तू. तोही कुंभारकाम करायचा आणि तात्यांच्या चाकावर त्याचा डोळा होता. ते चाक तात्यांच्या वडलांचं, सागवानी आऱ्यांचं. तात्या म्हणाले, "ह्या उन्हाळ्याचा आवा तुजा. माती तुजी, मळणं तुजं, जाळ तुजा. मी बोट लावायचो न्हाय. एक, एक जरी गिऱ्हाईक तक्रार घिऊन आलं, तर चाक दत्तूच्या घरी. न्हाय आलं, तर तुजं."

झालं. आता माझा जीव त्या चाकात अडकला. चोरून का होईना, चार वर्षं दुपारचे ते दोन तास मी कुणाची सून नव्हते, कुणाची आई नव्हते. ते चाक इंदापूरला गेलं असतं तर मी पुन्हा आपली माती तुडवायला.

आणि नेमकी त्याच वर्षी लीद संपली.

लीद म्हणजे घोड्याची. नाक मुरडू नका, तुमच्या माठातलं पाणी गार होतं ते तिच्यामुळं. मातीत बारीक चाळलेली लीद मळायची. आव्यात ती जळून जाते आणि माठाच्या अंगात डोळ्याला न दिसणारी छिद्रं राहतात. त्यातनं पाणी पाझरतं, वाऱ्यानं सुकतं, आतलं गार होतं. जास्त पाझरलं तर गळका, नाही पाझरलं तर गरम. सगळा खेळ लीदीचा. बारामतीत टांगे होते तोवर मी स्टँडवर जाऊन पोती भरून आणायची. मग रिक्षा आल्या. रिक्षा काय देणार? एकेक टांगा मोडीत निघाला आणि शेवटी एकच घोडं उरलं, इमामचाचांचं. चाचांनी टांगा विकला आणि घोड्याला वरातीला लावलं.

चाचा म्हणाले, "बेटी, लीद तुजीच हाय. पर घोडं दिवसभर वरातीत असतंय. तितंच पाडतंय. आता नवरदेवाला खाली उतरवून लीद आनू का?"

मग मी वरातीला जायला लागले. दुसरा उपाय काय? पहिलीच वरात कोऱ्हाळे बुद्रुकची. मी लुगडं नेसून, घमेल्यावर स्वच्छ फडकं टाकून, घोड्याच्या मागं चार हातांवर. पुढं बँड, मध्ये नवरदेव, मागं मी. उन्हं चढलेली. घोडं काही मनावर घेईना. वऱ्हाडातल्या बायकांना वाटलं घमेल्यात ओटीचं सामान आहे. एक ठसठशीत बाई जवळ आली.

"तुमी कुणाकडच्या म्हणायच्या? नवऱ्याकडच्या का नवरीकडच्या?"

माझ्या तोंडातनं खरंच निघालं. "मी घोड्याकडची."

तिला बँडच्या आवाजात ऐकू आलं 'गोऱ्यांकडची.' निघाले त्यांचे कुणी गोरे पाहुणे. मला हाताला धरून पुढं नेलं, कपाळाला कुंकू लावलं, हातावर अत्तर चोळलं. म्हणाली, "गोऱ्यांच्यातलं कुणी येत न्हाय म्हणून किती वरीस रुसवा हुता. बरं झालं आलासा." मी कुणाचा तरी जुना रुसवा मिटवून टाकला आणि मला अजून माहीत नाही तो कशावरून होता.

घोड्यानं दिलं ते मंडपाच्या दारात. नवरदेवाला ओवाळायला ताट पुढं आलं आणि त्याच वेळी मागनं प्रसाद पडला. मी घमेलं घेऊन झेप घेतली. व्हिडिओवाल्याचा दिवा माझ्यावर. बँडवाल्यांनी निम्मं तुडवलं, मला मिळाल्या जेमतेम चार मुठी. नवऱ्याची आई गहिवरली. "पाव्हणी असून घाण काढती, बगा!" मला खण-नारळ दिला, जेवायला बसवलं, बुंदी दोनदा वाढली. त्या घरच्या कॅसेटमध्ये मी अजून असेन, घोड्याच्या बुडाशी वाकलेली, कपाळाला ठळक कुंकू लावून.

पण चार मुठी लीदीत काय होतं? एक लहान गोळा मळला, त्याचं एक लहान मडकं झालं. पुढं काय? वराती धरत बसले असते तर माठ दिवाळीला तयार झाले असते.

आणि मग मला शहाणपण सुचलं. ह्यांना म्हटलं, कारखान्यातनं दोन पोती भुस्सा आणा, ऊस पिळून उरतो तो. वाळका, बारीक, जळाऊ. लीद तरी काय, गवतच की, घोड्याच्या पोटातनं आलेलं. हे गिरणीच्या पोटातनं आलेलं. फरक काय?

फरक मुंग्यांनी सांगितला. कच्चे माठ सावलीत वाळत ठेवले, तर सकाळी सगळे माठ काळे. मुंग्या! भुश्शात साखरेचा अंश राहिलेला. मी माठ फुंकून फुंकून साफ करायची आणि शेजारीण विचारायची, "काय वो वैनी, माठाची दृष्ट काढता का?" आवा पेटवला तर दोन दिवस अख्ख्या जळोचीत गुळाचा वास. लोक डबे घेऊन आले. कुणीतरी कंडी पिकवली होती की कुंभारांनी गुऱ्हाळ घातलं. एक म्हातारे तर राखेच्या ढिगापुढं उकिडवे बसले. काहिली उतरली की काकवी घेऊनच जातो म्हणाले.

आवा उघडला त्या दिवशी तात्या घरी नव्हते. इंदापूरला दत्तूच्या मुलीच्या साखरपुड्याला गेले होते, चार दिवस. मी एकटीनं उघडला. आणि काय सांगू, असा रंग मी जन्मात बघितला नव्हता! साधा तांबडा नाही. पिकल्या आंब्यासारखा, मध्येच गुलाबी, कडेला धुराचा काळा पदर. वजनाला हलके, पोरीनं कडेवर घ्यावेत असे. टिचकी मारली तर आवाज जरा निराळा आला, खोकल्यासारखा. मनाशी म्हटलं, नवी माती, नवा आवाज. माणसाला हवं ते ऐकू येतं. आठवडी बाजारात नेले, दुपारपर्यंत चाळीस गेले. रंगावरच गेले.

चौथ्या दिवशी तात्या परत आले. खाटेवर टेकले, पाणी प्यायले, आणि दारात रिक्षा थांबली.

रिक्षातनं उतरल्या शाळेतल्या गुरुजींच्या आई. आजीचं वय ऐंशीच्या पुढं, आवाज वीस वर्षांचा. मांडीवर आमचा माठ, लुगडं कमरेपासून खाली ओलंचिंब.

"कुठंय ती कुंभारीण? बग! आत्ता बी गळतंय! आन नाव कुणाचं घेत्यात? माजं!"

झालं होतं असं, की गुरुजींच्या घरात बुद्धाच्या तसबिरीखाली कोनाड्यात माठ ठेवलेला आणि त्याखाली आजीचं अंथरूण. पहिल्या दिवशी अंथरूण ओलं. सून गप्प. दुसऱ्या दिवशी ओलं. सुनेनं नवऱ्याला बाजूला घेतलं. तिसऱ्या दिवशी आजीच्या खाली रबर अंथरलं, आजीला डॉक्टरकडं नेलं, डॉक्टरनं तपासायला बाटली दिली. मला काय झालंय हे आजीला कुणी सांगेना. शेवटी चौथ्या दिवशी भरदुपारी आजी अंथरुणावर ताठ बसून राहिली, हातात काठी, डोळे उघडे. टप्प! आजीच्या कपाळावर.

"चोर घावला," आजी म्हणाली. "आता चल. माज्या सुनंसमोर सांग, माठ गळतोय, म्हातारी न्हाय."

मी गेले. गुरुजींच्या ओसरीवर शेजारपाजारच्या चार माणसांत उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं, "माठ गळतोय. आजी गळत न्हाईत." आजी म्हणाली, "परत सांग, त्यो कोपऱ्यावरचा बहिरा हाय." मी परत सांगितलं.

घरी आले तर अंगणात आणखी तिघं उभे. एका शिंप्याकडं आलेल्या नवरीच्या शालूवर ओघळ. एका क्लार्कच्या सातबाऱ्याच्या कागदांचा लगदा. तिसऱ्याची काही तक्रार नव्हती, तो नुसता बाकीच्यांची ऐकायला थांबला होता.

सगळे पांगल्यावर तात्या उरलेल्या ढिगाजवळ गेले. कापऱ्या बोटानं एकेक माठ वाजवला, एकेक लहान मडकं वाजवलं. डावीकडं, डावीकडं, डावीकडं. उजवीकडं एकही नाही. त्यातलं एक लहान मडकं मात्र त्यांनी उचललं आणि आपल्या खाटेखाली ठेवलं. मला वाटलं, दत्तूला दाखवायला पुरावा.

"गळकं मडकं एकाच कामाचं," तात्या म्हणाले. "मसणवटीत, खांद्यावर." आमच्यात तसंच आहे. मयताला पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरतात, मागनं एकजण दगडानं त्याला भोक पाडतो. जन्मभर न गळणारी मडकी करायची आणि शेवटी एक गळकं न्यायचं. "सांगावा धाडा दत्तूला," तात्या म्हणाले.

आठ दिवसांनी दत्तू टेम्पो घेऊन आला. सोबत दोर, गोणपाट, नवी नवरी न्यायला येतानाही कुणी आणत नाही एवढं सामान. चाक खुंटीवरनं उतरवलं. मी चुलीपुढं बसून राहिले. रडू नको म्हणून कांदा चिरायला घेतला, म्हणजे रडलं तरी चालतं.

तेवढ्यात फटफटीवरनं एक माणूस आला. धोतर, डोक्याला टॉवेल. "हितं माठ कोण करतं?"

हे बापूराव, निमगाव केतकीचे, डाळिंबवाले. बाजारात त्यांनी मजुरांच्या पाण्यासाठी माझा एक माठ नेला होता. तात्यांनी त्यांना बघूनच हात जोडले.

"तुमची बी तक्रार आसंल. घ्या, पैसं परत घ्या."

"कसली तक्रार? आजून गळकं हायती का?"

तात्या ताठ झाले. "आमच्यात गळकं मिळत न्हाय."

"अवो, मी नेला त्यो गळतोय की!"

"चुकून गेला आसंल."

"मग चुकून आजून किती हायती, त्येवढं दाखवा."

हकीकत अशी की मजुरांनी तो माठ गळतो म्हणून शिव्या घालून एका डाळिंबाच्या रोपाशेजारी खड्ड्यात टाकून दिला होता. रोज कुणीतरी उरलंसुरलं पाणी त्यात ओतायचं. आठवड्यानं बघतात तर सबंध ओळीत सगळी रोपं माना टाकलेली आणि त्या माठाजवळच्या एकट्या रोपाला तांबूस कोंब. बापूराव म्हणाले, "माजा ठिबकचा अर्ज दोन वरीस सायबाच्या टेबलावर ठिबकतोय. तुमच्या माठानं आठ दिसांत काम केलं. मला शंभर द्या."

तात्या ऐकेनात. सात पिढ्यांचं नाव. "गळका माल मी इकायचो न्हाय. चांगलं देतो, त्ये न्या."

"चांगलं नगं. चांगल्यानं रोप मरतंय."

"ही बी चांगलीच हायती," तात्या ढिगाकडं हात करून म्हणाले. आत्ता आठ दिवसांपूर्वी ज्यांना डावीकडं बसवलं, त्यांचीच बाजू घ्यायला लागले!

"गळत्यात का न्हाय, त्येवढं सांगा."

"न्हाय गळत."

"पाणी वता."

तात्यांनी मला हाक मारली, "सुले, पाणी आन." मी कळशी आणली. दोघं म्हातारे एका माठापुढं मांडी घालून बसले. एकाचं म्हणणं गळू दे, एकाचं म्हणणं गळू नये. दत्तू दोर हातात घेऊन उभा. माझा तर जीव कुठल्या बाजूला टांगावा तेच कळेना. माठ गळला तर माझी लाज, नाही गळला तर गिऱ्हाईक हातचं जाणार. माठानं थोडा विचार केला आणि टप्प.

"गळला!" बापूराव टाळी वाजवून ओरडले. पोराला सरकारी नोकरी लागल्यासारखे.

उरलेले सगळे माठ त्यांनी घेतले. गळका म्हणून आजीनं परत आणलेला, तोही. पण न्यायचे कशात? अंगणात टेम्पो उभा होता, इंदापूरच्या वाटेचा, आणि निमगाव वाटेवरच. दत्तूला भाडं मिळत होतं. भरले माठ, पाचटात नीट बसवून. भरता भरता टेम्पो शिगोशीग झाला.

"काका, चाक?" दत्तूनं विचारलं.

तात्यांनी टेम्पोकडं बघितलं. चाकाला जागाच उरली नव्हती. "पुढल्या आव्यापतूर ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले.

म्हणजे मला एक आवा मिळाला, उसना. आणि बापूरावांची मागणी आणखी शंभर गळक्यांची. मी तीच माती घेतली, तोच भुस्सा, तेच पाचट. पण ह्या वेळी मला धास्ती. भुस्सा दोनदा चाळला, पिठाच्या चाळणीनं. मुंग्या नकोत म्हणून धुऊन वाळवला. मन लावून मळला. आवा लावला तो असा, की एक गोवरी इकडची तिकडं नाही.

सगळे माठ निघाले टणक. बापूरावांनी नेले आणि पाचव्या दिवशी फटफटी दारात.

"तात्या, तक्रार हाय!"

माझ्या हातातलं थापटणं खाली पडलं.

"कसली?" तात्यांनी विचारलं.

"गळत न्हाय! शंभर माठ पुरलं, एकातनं थेंब न्हाय. पाणी नुसतं गार हुतंय. डाळिंबाला गार पाणी घिऊन काय करू, सरबत?"

मी पदरानं हात पुसले. म्हटलं, आपणच म्हणावं, कुणी म्हणायच्या आत. "तात्या, तक्रार आली. दत्तू भावजींना सांगावा धाडा."

तात्यांच्या छातीत काहीतरी हललं. मला वाटलं उबळ आली. तंबाखूची चंची हातातनं पडली, पागोटं कानावर आलं, डोळ्यांतनं पाणी. तात्या हसत होते. चौदा नाही, अठरा वर्षं मी त्या घरात, पण मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. म्हणाले, "माज्या बापाकडं आली न्हाय आसली तक्रार. आज्याकडं आली न्हाय. गळत न्हाय! आरं, कुंभाराचा माठ गळत न्हाय!" आणि खाटेखालनं चाक फिरवायची काठी काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. हातात दिली नाही, टाकली. त्यांचं तसंच असायचं. "उठ. त्येला गळकी करून दे."

मग काय सांगू तुम्हाला, सत्तर वर्षं न गळणारी मडकी केलेला माणूस मला गळकी शिकवायला बसला. भुस्सा जाड किती, जाळ कमी किती, थर कुठला. मी माठ भरून टांगायची आणि तात्या थेंब मोजायचे. एका थेंबानंतर चार ओव्या म्हणून होईपर्यंत दुसरा पडला पाहिजे, असं ठरलं. फार भरभर पडला तर तात्या म्हणायचे, "हा उधळ्या हाय." पडलाच नाही तर, "ह्यो चिक्कू." टिचकीचा मात्र घोळ झाला. आता 'भद्' वाजेल ते चांगलं. पण 'भद्' उजवीकडं ठेवायला तात्यांचा हात तयार होईना. शेवटी त्यांनी उजवं-डावं तसंच ठेवलं आणि आपली खाट फिरवून घेतली. आधी पाय दाराकडं होते, आता डोकं दाराकडं. म्हणजे 'भद्' डावीकडंच गेलं, पण ते डावं आता उजव्या भिंतीला होतं.

तेव्हापासून मी आव्याशी भांडण सोडलं. पूर्वी माठावर धुराचा डाग आला की लाज वाटायची, तांबडी काव लावून झाकायची. मग एका माठावर नेमक्या झुपकेदार मिशा उमटल्या. तो मी झाकला नाही. एका बाईनं तोच हट्टानं नेला. तिचा नवरा परगावी नोकरीला होता. म्हणाली, "पाणी पिताना बरं वाटंल." मी जे करायला बसले ते आणि आव्यानं जे दिलं ते, ह्यात गिऱ्हाईक कुठलं नेईल हे मला आजतागायत सांगता आलेलं नाही. बापूरावांना पुढं ठिबक मंजूर झालं, गळक्यांची मागणी थांबली. त्यांच्या बागेत ते माठ अजून पुरलेले असतील.

तात्या चार वर्षांनी गेले. खाटेखालचं ते मडकं शेवटपर्यंत तिथंच होतं, त्यात त्यांची चंची असायची. पाणी कधी कुणी भरलं नाही, गळकंच ते. जायच्या आधी तात्यांनी ह्यांना सांगून ठेवलं होतं, "माज्या येळला ह्येच घ्या. गळकंच हाय. दगुड शोधाया नगं." तेच नेलं.

बायका मसणवटीत जात नाहीत. तिथलं मला ह्यांनी सांगितलं. ह्यांनी मडकं भरून खांद्यावर घेतलं आणि एक फेरी झाली. पाठ कोरडी. लोक एकमेकांकडं बघायला लागले. दत्तूनं दगड उचलला आणि मारला. टण्ण! दुसरी फेरी. टण्ण! भोक पडेना. भटजी म्हणाले, "जोरात मारा." तिसऱ्यांदा मारला तर नदीकडचे बगळे उडाले म्हणे, असा वाजला. दत्तूनं दगड खाली ठेवला. कुंभारच तो. हळूच म्हणाला, "वैनीचं हाय का ह्ये?"

आता काय करावं म्हणून सगळे उभे. आणि चितेजवळची कोरडी माती उडाली आणि ह्यांना शिंक आली. कितीतरी वर्षांनी. एक, दोन, तीन. चौथीला मडकं खांद्यावरनं निसटलं आणि दगडावर पडून फुटलं.

तिथलं काही घरी आणायचं नसतं. पण ह्यांनी एक खापर खिशात घालून आणलं. माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तू बग. मला यातलं कळत न्हाय."

मी उजेडात धरलं. फुटलेल्या कडेला बघितलं की माठाचं पोट कळतं. भुश्शाचं खापर असतं तर लांबट, जाड भोकं दिसली असती. इथं नव्हती. केसाएवढी बारीक, सारखी, दाट. लीदीची. त्या आव्यात लीदीचं मडकं एकच होतं, कोऱ्हाळ्याच्या नवरदेवाच्या घोड्याचं. मी तर विसरूनही गेले होते. सगळा ढीग डावीकडं लावताना तात्यांच्या बोटाला ते एकच सापडलं होतं, आणि ते त्यांनी उजवीकडं ठेवलं नाही, खाटेखाली ठेवलं. पुरावाच होता तो, पण दत्तूसाठी नाही. तोंडानं तेवढं सांगितलं नाही. चार वर्षं 'गळकं, गळकं' म्हणत त्यात तंबाखू ठेवली.

मी एकदा टिचकी मारली. एवढासा तुकडा, पण वाजला. मग तात्यांच्या रिकाम्या खाटेपाशी गेले आणि खापर उजवीकडं ठेवायला वाकले. आणि तशीच थांबले. कुठलं उजवं, खाट फिरवायच्या आधीचं की नंतरचं?